रेफरीला काय विचारावं?

आपल्या मंडळाच्या अंकासाठी ‘एखादा शब्द घ्या आणि त्याचा अभ्यास करा’ असं सांगितलं होतं. मी एकाऐवजी तीन क्रियापदं घेतली आहेत: विचारणं, जाब विचारणं आणि दाद मागणं. तिन्हींमध्ये आपण कुणाकडून तरी काही मागतो, म्हणून ती सारखी वाटतात. त्यांतला फरक मला सौंसरच्या एका बास्केटबॉल कोर्टवर कळला, आणि तो कळेपर्यंत आमच्या टीमने मॅच गमावली होती. म्हणून आधी मॅच सांगते, मग शब्दांकडे येते.

मॅच

मी पांढुर्ण्याची. पांढुर्णा आणि सौंसर ही मध्य प्रदेशातली, महाराष्ट्राच्या सीमेलगतची गावं. दोन्ही आधी छिंदवाडा जिल्ह्यात होती. २०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आलं. घरात आम्ही मराठी बोलतो, शाळेत आणि कचेरीत हिंदी. बास्केटबॉलचे नियम मात्र इंग्रजीत. ही गोष्ट पुढे उपयोगाची आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

गेल्या नाताळच्या सुटीत शाळेतल्या जुन्या मैत्रिणींनी टीम जमवली आणि सौंसरच्या मुलींशी मॅच ठरली, त्यांच्याच गावात. कप नव्हता, बक्षीस नव्हतं. पण आमच्यातल्या एकीचं फेब्रुवारीत लग्न होतं आणि नंतर ती सुरतला जाणार होती. आमच्यासोबतची ही तिची शेवटची मॅच, हे सगळ्यांना माहीत होतं. तिचं नाव लिहीत नाही, आठ नंबर म्हणते. कॅप्टन मी होते.

शेवटचे काही सेकंद उरले होते. सौंसर ३९, आम्ही ३८. आठ नंबर धावत आत आली, माझा पास घेतला, पावलं टाकली आणि चेंडू रिंगमधून खाली आला. पण शिट्टी त्याच्या आधीच वाजली होती. रेफरींनी दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवल्या. ट्रॅव्हलिंग! बास्केट रद्द, चेंडू सौंसरचा, घड्याळात ३ सेकंद.

मी धावत गेले आणि ओरडले, “सर, अंधे हो क्या? अपने गाँव को जिता रहे हो?” रेफरी सौंसरचेच होते. निवृत्त पीटी शिक्षक, माझ्या बाबांपेक्षा मोठे. ते एक शब्द बोलले नाहीत. दोन्ही हातांनी ‘टी’ची खूण केली. टेक्निकल फाउल, सौंसरला एक फ्री थ्रो. ४०–३८.

पुढचं मला अजून आठवतं आणि झोप लागत नाही. सौंसरच्या मुलीने लाइनीबाहेरून चेंडू आत टाकला. आठ नंबरनेच तो मधे हिसकावला आणि तिथल्या तिथे बास्केट केली. वेळ संपली. ४०–४०. मी ओरडले नसते, तर तो फ्री थ्रो झाला नसता आणि फळ्यावर ४०–३९ असतं. आम्ही जिंकलो असतो. पाच मिनिटांच्या जादा वेळेत आमच्या पायांत जीव उरला नव्हता. ४७–४४ने हरलो.

सगळ्या रेफरीला बोल लावत होत्या. मीही लावत होते, कारण नाहीतर तो मलाच लागला असता. आठ नंबर तेवढी गप्प होती. तिच्या मनगटावर ओरखडा उठला होता. ती म्हणाली, “मॅच गेली ती गेली. पण ते खरंच ट्रॅव्हलिंग होतं का, एवढं विचारून ये ना. नाहीतर मला वाटतच राहील.”

मी गेले. जाता जाता लक्षात आलं की काय विचारायचं हे मला ठाऊकच नाही.

जाब विचारणं

‘जाब’ हा शब्द अरबीतल्या ‘जवाब’पासून आला. हिंदीत तो ‘जवाब’च राहिला, मराठीत झिजून ‘जाब’ झाला आणि वाटेत अर्थही बदलला. जवाब म्हणजे नुसतं उत्तर. जाब विचारतो तेव्हा मात्र आपण समोरच्याला पिंजऱ्यात उभं केलेलं असतं आणि त्याचा गुन्हा मनात आधीच ठरलेला असतो. ‘अंधे हो क्या?’ याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आहे, पण त्यात मला काहीच जाणून घ्यायचं नव्हतं. रेफरींनी उत्तर तरी काय द्यायचं?

आणखी एक गंमत. घरी मराठी बोलणारी मी भांडताना हिंदीत गेले. आमच्याकडे हे बऱ्याच जणांचं होतं. ज्याच्या हाती अधिकार आहे त्याच्याशी भांडायचं, तर कचेरीची भाषा आपोआप तोंडात येते.

जाब विचारणारा नेहमी चुकीचाच असतो असं मात्र नाही. २८ जानेवारी २०२३ची एनबीएमधली मॅच घ्या, बॉस्टन सेल्टिक्स विरुद्ध लॉस एंजेलिस लेकर्स. १०५–१०५ अशी बरोबरी होती आणि शेवटच्या सेकंदांत लेब्रॉन जेम्स रिंगपाशी पोचला. जेसन टेटमचा हात त्याच्या हातावर लागला, पण शिट्टी वाजली नाही. जादा वेळ सुरू होण्याआधी लेकर्सचा पॅट्रिक बेव्हर्ली कोर्टशेजारच्या फोटोग्राफरचा कॅमेरा घेऊन रेफरीकडे गेला: हा बघा फोटो! त्याला टेक्निकल फाउल मिळाला. बॉस्टनने ती मॅच १२५–१२१ने जिंकली. फोटो खरा होता, तरी किंमत त्याच्याच टीमला मोजावी लागली. मला तर त्याच्याइतकाही आधार नव्हता. माझ्याकडे फोटो नव्हता, नुसता संशय होता.

दाद मागणं

‘दाद’ फारसीतून आला. मूळ अर्थ न्याय. गाण्याला आपण दाद ‘देतो’, न्यायासाठी दाद ‘मागतो’. दाद मागायची तर कुठे, कधी आणि कशाबद्दल मागायची हे ठरलेलं असतं.

बास्केटबॉलमध्येही ते ठरलेलं आहे. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, म्हणजे फिबाच्या नियमांत त्याला प्रोटेस्ट म्हणतात. मॅच संपल्यापासून १५ मिनिटांच्या आत कॅप्टनने मुख्य रेफरीला तसं सांगायचं आणि स्कोअरशीटवर त्यासाठी ठेवलेल्या जागी सही करायची. कारणं तासाभरात लेखी द्यायची. मात्र कारणं मोजकीच चालतात: गुण मांडण्यात किंवा घड्याळात झालेली आणि दुरुस्त न केलेली चूक, मॅच रद्द करण्यासारखा निर्णय, किंवा एखादा खेळाडू खेळायला पात्रच नसणं. ‘ते ट्रॅव्हलिंग नव्हतं’ हे कारण त्यात बसत नाही. रेफरीने डोळ्यांनी पाहून जे ठरवलं, त्यावर दाद नाही. मुख्य रेफरीची स्कोअरशीटवर सही झाली, की त्या मॅचशी रेफरींचा संबंध संपतो.

दाद मागण्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकचं. अंतिम सामना, अमेरिका विरुद्ध सोव्हिएत संघ. डग कॉलिन्सच्या दोन फ्री थ्रोंनी अमेरिका ५०–४९ अशी पुढे गेली, ३ सेकंद उरले होते. मग घड्याळाचा गोंधळ झाला. फिबाचे सरचिटणीस विल्यम जोन्स यांनी मधे पडून ३ सेकंद पुन्हा लावायला सांगितले. ते शेवटचे सेकंद पुन्हा खेळवले गेले आणि अलेक्झांडर बेलोव्हने बास्केट केली. सोव्हिएत संघ ५१, अमेरिका ५०. त्याआधी ऑलिंपिकमध्ये अमेरिका बास्केटबॉलची एकही मॅच हरली नव्हती. त्यांनी रीतसर दाद मागितली. पाच जणांच्या समितीने ती ३ विरुद्ध २ मतांनी फेटाळली. अमेरिकन खेळाडूंनी रौप्यपदकं घेतली नाहीत, ती आजपर्यंत घेतलेली नाहीत.

इथे वाद घड्याळाचा होता, म्हणून दाद मागता आली. आमच्या मॅचमध्ये घड्याळ ठीक होतं, गुण ठीक होते. म्हणजे मला दाद मागायला जागाच नव्हती. जाब तर विचारून झाला होता आणि महागात पडला होता. आता उरलं तिसरं क्रियापद.

विचारणं

नियम विचारायला मनाई करतात, असं मला वाटायचं. तसं नाही. चेंडू खेळात नसेल आणि घड्याळ थांबलेलं असेल, तेव्हा कॅप्टनने सभ्यपणे रेफरीकडून माहिती घ्यावी, अशी फिबाच्या नियमांत परवानगीच आहे. शिट्टी वाजली तेव्हा घड्याळ थांबलेलंच होतं. कॅप्टन मीच होते. म्हणजे विचारायचा हक्क मला त्याच क्षणी होता. मी तो वापरला नाही, ओरडले.

आता पुन्हा बॉस्टनला जाऊ. एनबीएत मॅचनंतर सगळ्या पत्रकारांच्या वतीने एकजण मुख्य रेफरीला वादाच्या निर्णयाबद्दल विचारू शकतो आणि ती प्रश्नोत्तरं प्रसिद्ध होतात. त्या रात्री मुख्य रेफरी एरिक लुइस यांनी मान्य केलं की हात लागला होता, मॅच चालू असताना तो आम्हाला दिसला नाही, चूक आमची. कॅमेरा नाचवून जे मिळालं नव्हतं, ते एका साध्या प्रश्नाने तासाभरात मिळालं. अटीतटीच्या मॅचमधल्या शेवटच्या दोन मिनिटांच्या निर्णयांचा अहवालही ही लीग २०१५पासून काढते. त्याने निकाल बदलत नाही. काय घडलं ते मात्र कळतं.

बायबल वाचणाऱ्यांना इथे अब्राहाम आठवेल. सदोम नगराचा नाश होणार हे कळल्यावर तो थेट सर्वांच्या न्यायाधीशालाच विचारतो: तिथे पन्नास नीतिमान माणसं असली तर? मग पंचेचाळीस, चाळीस, तीस, वीस, दहा. प्रत्येक वेळी विनवतो, पण मागे हटत नाही. आणि प्रत्येक वेळी त्याला उत्तर मिळतं. शेवटी नगर वाचत नाही. तरी त्याचं विचारणं वाया गेलं असं कुणी म्हणत नाही, कारण न्यायाधीश काय पाहून न्याय करतो हे त्याला आणि आपल्याला कळलं. लहानपणापासून ऐकलेली ही गोष्ट मला कोर्टवर आठवायला हवी होती.

पंच म्हणजे कोण?

माझ्या ओरडण्यातला दुसरा भाग जास्त वाईट होता: ‘अपने गाँव को जिता रहे हो?’ त्याबद्दल दोन शब्द.

‘पंच’ म्हणजे पाच. गावाच्या पंचायतीतून तो शब्द मैदानावर आला. इंग्रजीतला ‘अंपायर’ मूळ फ्रेंचमधल्या ‘नॉनपेर’पासून आला, अर्थ ‘जो बरोबरीचा नाही तो’, म्हणजे दोघांच्या जोडीत न बसणारा तिसरा. मराठीत आपल्याकडे त्यासाठी ‘तिऱ्हाईत’ हा नेमका शब्द आहे. ‘रेफरी’ म्हणजे ज्याच्याकडे वाद सोपवायचा तो. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए शाळेत हा खेळ शोधला, तेव्हा त्यांच्या १३ नियमांत दोघंही होते: अंपायरने माणसांवर लक्ष ठेवायचं, रेफरीने चेंडूवर. एका माणसाला दोन्ही दिसत नाही, हे शोधणाऱ्यालाच ठाऊक होतं. आमच्या मॅचला रेफरी एकच होते.

पण गावाचा माणूस तिऱ्हाईत होऊ शकतो का? आमच्याकडे हिंदी शाळांत प्रेमचंदांची ‘पंच परमेश्वर’ वाचतात. जुम्मन आणि अलगू जिवलग मित्र. जुम्मनची मावशी अलगूलाच पंच नेमते आणि अलगू मित्राविरुद्ध निवाडा देतो. पुढे वैर धरलेला जुम्मन अलगूच्या खटल्यात सरपंच होतो आणि तोही न्यायच करतो. त्या जागेवर बसलं की माणूस बदलू शकतो, यावर ती मावशी विश्वास टाकते. मी तो टाकला नाही.

वर मी पांढुर्ण्याची! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या जाम नदीत गोटमार होते. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, मधे पळसाचं झाड आणि त्यावर झेंडा. शिट्टी वाजवणारा कुणी नाही. दर वर्षी माणसं जखमी होतात, काही वेळा जीवही गेले आहेत. तिऱ्हाईत नसला की काय होतं, हे आमच्या गावाला कुणी शिकवायला नको.

कठड्यावरचा संवाद

रेफरी सर कोर्टच्या कठड्यावर बसून बूट बदलत होते. मी म्हटलं, “सर, एक विचारू का? भांडायला नाही आले.”

“विचार ना बाई.”

“आठ नंबरच्या वेळी तुम्हाला काय दिसलं?”

“तुले काय दिसलं, थे सांग पयले.”

“दोनच पावलं टाकली तिने.”

“चेंडू हातात आला तवा कोन्ता पाय खाली होता?”

मी गप्प. पास दिल्यावर मी रिंगकडे बघत होते, तिच्या पायांकडे नाही. जे मी पाहिलंच नव्हतं, त्यासाठी मी त्यांना आंधळं म्हटलं होतं.

त्यांनी विटेच्या तुकड्याने सिमेंटवर तीन खुणा केल्या. उजवा, डावा, उजवा. धावताना चेंडू पक्का धरला त्या क्षणी जो पाय जमिनीवर असतो, तो मोजत नाहीत. त्यानंतर पडलेल्या पायापासून मोजायचं. दोन चालतात, तिसरा नाही. उजवा आधी टेकला आणि मग चेंडू हातात आला, तर पावलं दोन. चेंडू आधी आला आणि मग उजवा टेकला, तर तीन. “चेंडू आधी आला, असं मले दिसलं. म्हनून शिट्टी वाजवली. डोळा लवायइतकाच फरक हाये थो.”

“चूक झाली असेल का सर?”

“होऊ शकते. अन् अजून एक सांगतो. तिच्या हाताले कोनाचा हात लागला का, थे मले नाही दिसलं. मधात तुमचीच पोरगी होती. लागला असंल, त् थो फाउल माह्याकडून सुटला.”

मी ओरखड्याचं सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली. मग मी माफी मागितली. ते म्हणाले, “आंधया म्हनलं त्याचं काही नाही, तीस वर्सं ऐकतो. गावाचं नाव घेतलं, थे लागलं.”

मी आठ नंबरला दोन्ही गोष्टी सांगितल्या: पावलांबद्दल त्यांची खात्री होती, हाताबद्दल नव्हती. ती मनगट चोळत म्हणाली, “म्हणजे मीच घालवली असं नाही ना?” मी म्हटलं, “तू नाही. तो एक गुण माझा.” मॅचनंतर हे मी पहिल्यांदा मोठ्याने बोलले.

शेवटी, आपल्यासाठी

आपल्यापैकी पुष्कळ जण कुठल्या ना कुठल्या मैदानावर उतरतात. जे उतरत नाहीत, त्यांनाही गुणपत्रिका, स्पर्धेचा निकाल, मुलाखत यांतून हा प्रसंग येतोच. म्हणून मी शिकले ते थोडक्यात सांगते.

पहिलं, विचारण्याआधी आपण स्वतः काय पाहिलं ते आठवावं. दुसरं, ‘का दिलं?’पेक्षा ‘काय दिसलं?’ असं विचारावं. ‘का’ला समोरचा बचाव करतो, ‘काय दिसलं’ला तो सांगू लागतो. तिसरं, नियम आधी वाचावेत, म्हणजे कुठे दाद मागता येते आणि कुठे फक्त विचारता येतं हे कळतं. जिथे दाद मागता येते तिथे मुदतीत आणि लेखी मागावी, संकोच करू नये. चौथं, उत्तर आपल्याला न आवडणारं असू शकतं, हे धरून विचारावं. आणि पाचवं, निर्णयावर बोलावं, माणसाच्या गावावर, जातीवर, धर्मावर बोलू नये.

आठ नंबर आता सुरतला आहे. दिवाळीत माहेरी येणार आहे आणि सौंसरशी पुन्हा मॅच ठरली आहे. रेफरी तेच सर असावेत, असा निरोप या वेळी आम्हीच पाठवला आहे.